भुकेचे मोजमाप : डॉ. पां. वा. सुखात्मे आणि सोलापूरची ज्वारी

जगात उपाशी माणसे किती, या प्रश्नाचे उत्तर संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना दरवर्षी एका आकड्यात देते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात हा आकडा ६७ कोटी ३० लाख इतका होता आणि तो २०२४ या वर्षाचा होता. शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांपैकी दुसरे उद्दिष्ट २०३० पर्यंत भूक संपविण्याचे. त्या दिशेने जग किती सरकले हे ज्या निर्देशांकांवरून ठरते, त्यांतील पहिला निर्देशांक हाच. तो काढण्याच्या पद्धतीचा पाया ज्यांनी घातला, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या बुध या गावचे.

सुखात्मे हे राजदूत नव्हते, मंत्री नव्हते, सनदी अधिकारीही नव्हते. ते संख्याशास्त्राचे अभ्यासक होते. तरीही सुमारे दोन दशके जगभरच्या सरकारांशी भूक, धान्य आणि प्रथिने यांविषयी जी वाटाघाट चालली, तिच्या मुळाशी असलेले आकडे त्यांच्या विभागातून जात. त्यांचे काही निष्कर्ष आजही वादग्रस्त आहेत. त्यांपैकी एकाची प्रत्यक्ष कसोटी, त्यांचा स्वतःचा काहीही संबंध नसताना, सोलापूर जिल्ह्यातील दोन ज्वारीच्या गावांत लागली. माण-खटावचा अवर्षणग्रस्त पट्टा पूर्वेकडे सांगोला, मंगळवेढा, मोहोळ असा उतरत जातो. पाऊस बेभरवशाचा, जमीन काळी, पीक रब्बीची ज्वारी. या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाने भुकेचे गणित मांडावे आणि त्याचा पडताळा त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मिळावा, हा योग म्हणावा लागेल.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. आधुनिक संख्याशास्त्र त्या काळी अक्षरशः त्या इमारतीत घडत होते. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन, जर्झी नेमान ही मंडळी तेथे होती, आणि त्यांचे आपसांत फारसे सख्य नव्हते, ही गोष्ट निराळी. १९३६ मध्ये सुखात्मे यांना पीएच.डी. मिळाली आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. विषय शुद्ध गणिती होता. भुकेशी त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता.

मायदेशी परतल्यावर ते बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापकाच्या जागेसाठी पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले, अशी आठवण सांगितली जाते. या शास्त्राचा देशातल्या उपाशी माणसाला काय उपयोग, असा सवाल मालवीयांनी केला आणि तरुण सुखात्मे यांच्यापाशी त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. बनारसची नोकरी काही मिळाली नाही. पुढील आयुष्याकडे पाहिले तर मात्र हा प्रश्न त्यांनी मनाला लावून घेतला असे दिसते. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत काही काळ काम केल्यानंतर १९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले.

नजर अंदाजाला पर्याय

सोलापूरच्या शेतकऱ्याला 'पैसेवारी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पूर्वीची आणेवारी ती आताची पैसेवारी. पीक पन्नास पैशांखाली गेले की गाव टंचाईग्रस्त. ब्रिटिश अमदानीत देशभरातल्या उत्पन्नाचा अंदाज बहुतांशी असाच निघे. महसूल कर्मचारी शिवार पाहून पीक किती आणे आहे हे डोळ्यांनी ठरवीत, जिल्ह्याचे अंदाज प्रांताकडे जात आणि त्यांच्या बेरजेला देशाचे धान्योत्पादन म्हणत. दुसरे महायुद्ध सुरू झाले, बंगालमध्ये १९४३ चा दुष्काळ पडला, शहरांत शिधावाटप आले, तेव्हा या बेरजेवर विसंबून राहणे किती महागात पडते हे उघड झाले.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी यावर काढलेला तोडगा आज पीक कापणी प्रयोग म्हणून ओळखला जातो. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेते तशीच, शेतातला तुकडाही तसाच; तो तुकडा आखून त्यातले पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. हे सारे गावपातळीवरच्या सरकारी कर्मचाऱ्याच्या हातून करून घ्यायचे, त्यासाठी वेगळी फौज उभारायची नाही.

कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीही असेच नमुना सर्वेक्षण उभे केले होते, पण त्यांची रीत वेगळी होती. त्यांचे तुकडे लहान, अनेकदा काही फूट त्रिज्येची वर्तुळे, आणि कापणीसाठी खास प्रशिक्षित माणसे. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की तुकडा जितका लहान तितका त्याच्या कडेवरच्या रोपांचा प्रश्न मोठा. काठावरचे भरघोस ताट आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो आणि उत्पन्नाचा आकडा फुगतो. मोठ्या व लहान तुकड्यांची तुलना करून त्यांनी ही फुगवट दाखवून दिली आणि १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ती मांडली. हा वाद बराच काळ चालला आणि कडवटही झाला. देशात अखेर पीक कापणीची सुखात्मे यांची पद्धत रूढ झाली. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीकविमा योजनेतही भरपाईचा हिशेब कापणी प्रयोगांवर बेतलेला आहे. प्रयोग कोणत्या शेतात झाला, कुणासमोर झाला, यावरून गावागावांत होणाऱ्या तक्रारी पाहिल्या, की काठावरच्या ताटाचा प्रश्न ऐंशी वर्षांनंतरही सुटलेला नाही हे कळते. भारत सरकारचा सुखात्मे यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सांख्यिकी दिनाच्या समारंभात दिला जात आला आहे, आणि सांख्यिकी दिन म्हणजे २९ जून, महालनोबीसांचा जन्मदिवस!

१९४७ मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी संस्था स्थापन झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष आणि सुखात्मे चिटणीस. १९५४ मध्ये नमुना पाहणीच्या सिद्धान्तावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची १९७० ची दुसरी आवृत्ती त्यांनी बंधू बा. वा. सुखात्मे यांच्यासह तयार केली. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले शेतीविषयक संख्याशास्त्राचे पुस्तकही १९५४ चेच. कृषी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ते 'पानसे-सुखात्मे' या जोडनावानेच ओळखत आल्या आहेत.

रोममधील वीस वर्षे

अन्न व कृषी संघटनेचे मुख्यालय १९५१ मध्ये वॉशिंग्टनहून रोमला हलले. त्या सुमारास सुखात्मे तेथे रुजू झाले आणि १९७० पर्यंत त्यांनी सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली. आफ्रिका व आशियातले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. अनेकांपाशी शेतीची आकडेवारी नव्हतीच. जी होती ती वसाहतवाल्यांनी करवसुलीसाठी जमविलेली. शेतीची गणना करायला सरकारांना राजी करणे, त्यांच्या माणसांना शिकविणे, आणि देशाने कळविलेला आकडा न पटल्यास त्या देशाचा मान राखून तसे सांगणे, अशा स्वरूपाचे हे काम. मुत्सद्देगिरी म्हणतात ती बहुधा अशाच कामांत लागते.

खरी कसोटी मात्र भुकेच्या आकड्याची होती. संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये जगातील किमान दोनतृतीयांश माणसे अर्धपोटी वा कुपोषित असल्याचे म्हटले होते. हे वाक्य जगभर गाजले. भाषणांत, पत्रकांत, निधी मागणाऱ्या आवाहनांत ते येऊ लागले. ढोबळमानाने त्यामागचा हिशेब असा होता : देशात दरडोई उपलब्ध अन्न किती कॅलरींचे ते काढायचे, सरासरी गरजेशी ताडून पाहायचे आणि कमी भरले तर तो सगळा देशच उपाशांच्या रकान्यात घालायचा. कॉलिन क्लार्क यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी यावर झोड उठविली. संघटना आपले महत्त्व वाढविण्यासाठी भूक फुगवून सांगते, हा त्यांच्या टीकेचा मथितार्थ.

सुखात्मे कात्रीत सापडले. आकडा चुकीचा आहे हे त्यांना संख्याशास्त्रज्ञ म्हणून दिसत होते. पण १९६० मध्ये महासंचालक बिनय रंजन सेन यांनी 'भूकमुक्ती मोहीम' सुरू केली होती आणि तो कमी करणे म्हणजे आपल्याच संघटनेच्या मोहिमेतली हवा काढून घेण्यासारखे होते. सेन हे या पदावर बसलेले पहिले आशियाई. बंगालच्या दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी तेथे मदतकार्य पाहिले होते. सुखात्मे यांनी मार्ग काढला तो आकड्याच्या व्याख्येत. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी जगाची भूक आणि अन्नाच्या भावी गरजा या विषयावर निबंध वाचला. तो तेव्हापासून भूकमापनातला मूळ दस्तऐवज मानला जातो.

त्यातला विचार वाटतो तितका अवघड नाही. एका गावात शंभर माणसे आहेत. सर्वांची सरासरी गरज समजा २,३०० कॅलरी. पण गरज प्रत्येकाची सारखी नसते. उंची, वजन, काम यांनुसार काहींना २,००० पुरतात, काहींना २,६०० ही कमी पडतात. मग सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी असे म्हटले, तर आपल्या गरजेपुरते व्यवस्थित जेवणारी कितीतरी माणसे नाहक उपाशांत मोजली जातील. दुसरीकडे गावाची सरासरी भरपूर निघाली म्हणून कुणीच उपाशी नाही असेही म्हणता येत नाही, कारण वाड्यावरचे ताट आणि वेशीबाहेरचे ताट यांची ती सरासरी असते. म्हणून तीन गोष्टी हव्यात : सरासरी आहार किती, तो लोकांत किती विषम वाटला गेला आहे, आणि ज्याच्या खाली माणूस निश्चितपणे उपाशी म्हणावा अशी किमान पातळी कोणती. या तिन्हींवरून उपाशांचे प्रमाण काढायचे.

या रीतीने दोनतृतीयांशांचे दोन भाग झाले. पोटाला पुरेशा कॅलरीच न मिळणारे १० ते १५ टक्के, आणि आहाराचा कस नसल्याने कुपोषित असलेले, त्यांत ही भुकेली माणसे धरून, एकतृतीयांश ते निम्मे. संघटनेच्या १९६३ च्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत हेच निष्कर्ष उतरले. जगाची लोकसंख्या तेव्हा ३०० कोटींच्या घरात होती. म्हणजे केवळ उपाशीच ३० ते ४५ कोटी. आकडा खाली आला तरी तो लहान नव्हता, आणि आता तो सहजासहजी खोडून काढता येत नव्हता. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने सुखात्मे यांना आपले रौप्य गाय पदक दिले. पुढे भारत सरकारनेही त्यांना पद्मभूषणने गौरविले.

प्रथिनांचा बाऊ आणि काळमण-शिरापूर

१९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळात नवा शब्द आला : प्रथिनांची तूट. गरीब देशांतल्या मुलांच्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या अभावात आहे, असा समज पक्का झाला. १९६८ मध्ये तर येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर आंतरराष्ट्रीय कृती हवी, असा संयुक्त राष्ट्रांचा अहवालच निघाला. मासळीची भुकटी, सोयाबीनची पिठे, खनिज तेलावर वाढविलेले यीस्ट, कृत्रिम लायसिन मिसळलेली कणीक, अशा एकाहून एक कल्पनांवर पैसा खर्च होऊ लागला. यात उद्योगांचे हितसंबंध होते, तसाच पुष्कळ प्रामाणिक उत्साहही होता.

सुखात्मे यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे घेतले आणि वेगळाच प्रश्न विचारला. ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना कॅलरी तरी पुरेशा मिळतात काय? उत्तर होते, बहुतेकांना नाही. पोट अर्धे भरलेले असेल तर शरीर मिळालेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. तेच पोट नेहमीच्याच धान्याने पूर्ण भरले, तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातूनच भागते. १९७० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मधील निबंधात त्यांनी हे मांडले.

सोलापुरी भाषेत सांगायचे तर भाकरीचा हिशेब असा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाला साडेसहाशे ग्रॅम ज्वारी खाणाऱ्या माणसाला सव्वादोन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात आणि त्याबरोबर साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनेही. ज्वारीत लायसिन कमी असते, पण ताटात हुलग्याचे माडगे, तुरीचे वरण, शेंगांची चटणी आली की ती उणीव भरून निघते. शेतमजुराला मासळीची भुकटी नको, आणखी दोन भाकरी हव्यात, एवढाच सुखात्मे यांच्या निबंधाचा अर्थ. लहान मुलांची गोष्ट थोडी निराळी : त्यांच्या इवल्याशा पोटात इतकी भाकरी मावत नाही, म्हणून त्यांना थोड्या थोड्या वेळाने आणि तेल-तुपाने घट्ट केलेले अन्न लागते.

याचा पडताळा सोलापूर जिल्ह्यात मिळाला. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ पासून सहा गावांत घरोघर पाहणी सुरू केली. दोन गावे आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली, दोन अकोला जिल्ह्यातली आणि दोन सोलापूरची : मोहोळ तालुक्यातले शिरापूर आणि उत्तर सोलापूर तालुक्यातले काळमण. प्रत्येक गावात चाळीस घरे, त्यांत भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी असे सारखे वाटे. पाहणी करणारा गावातच मुक्कामाला राही आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन शेतीचा, मजुरीचा, उसनवारीचा हिशेब लिहून घेई. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या या पिढीने तो हिशेब दहा वर्षे न कंटाळता सांगितला, हे विशेष.

१९७६ ते १९७८ दरम्यान या गावांत माणसागणिक आहाराचीही नोंद झाली. आदल्या दिवशी कुणी काय आणि किती खाल्ले, तेही मुले, बायका, पुरुष असे वेगवेगळे. जेम्स रायन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता, की कमतरता आहे ती कॅलरींची, अ जीवनसत्त्वाची, ब-वर्गातील जीवनसत्त्वांची, कॅल्शियमची. प्रथिने आणि लायसिन हे मुख्य दुखणे नाही. इक्रिसॅटच्या दृष्टीने याला व्यवहारी महत्त्व होते. ज्वारीचे नवे वाण काढताना जादा लायसिनच्या मागे लागायचे, की उत्पन्न आणि त्याची शाश्वती वाढवायची? पाहणीचा कौल दुसऱ्या बाजूने पडला. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ज्वारी आजही रब्बीत टिकून आहे, ती दुष्काळात तग धरते म्हणून आणि भाकरी चांगली होते म्हणून, लायसिनसाठी नव्हे.

प्रथिनांचे आंतरराष्ट्रीय प्रकरण तोवर मिटले होते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने १९७३ मध्ये प्रथिनांची शिफारस खाली आणली, आणि पुढच्याच वर्षी डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या खटाटोपाचे वाभाडे काढले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांचेही मत आधी कॅलरी, मग प्रथिने असेच होते. या प्रश्नावर सुखात्मे आणि गोपालन एका बाजूला होते. पुढच्या प्रश्नावर नव्हते.

पुण्यातला वाद

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात परतले. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचे भारतातील दारिद्र्यावरचे गाजलेले विवेचन प्रसिद्ध झाले. माणशी २,२५० कॅलरी विकत घेता येतील इतका खर्च ही त्यांची दारिद्र्यरेषा. १९६०-६१ च्या किमतींनी ती ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. तिच्याखाली खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक होते. हेच दांडेकर पुढे १९८४ च्या प्रादेशिक अनुशेष समितीमुळे महाराष्ट्रात घरोघर पोचले.

सुखात्मे यांचा आक्षेप त्यांच्या १९६१ च्या विचारातूनच निघालेला होता, पण आता ते एक पाऊल पुढे गेले. गरज माणसामाणसांत बदलते एवढेच नव्हे, एकाच निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतो आणि तरी त्याचे वजन व काम टिकून राहते, असे त्यांचे म्हणणे. ब्रिटिश सैनिकांवरील एका अभ्यासाचे आकडे त्यांनी त्यासाठी वापरले. शरीर काही मर्यादेत आपला खर्च मिळकतीशी जुळवून घेते. म्हणून एखादा सरासरीखाली गेला म्हणजे तो उपाशी असे नाही, तो त्या मर्यादेखाली गेला तर उपाशी. कॅलिफोर्नियातील शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी हा सिद्धान्त मांडला. ही मर्यादा सरासरीपेक्षा सुमारे तीस टक्के खाली येते. २,३०० ची रेषा मग १,६०० च्या आसपास उतरते, आणि चाळीस-पन्नास टक्क्यांऐवजी उपाशांचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते.

१९८२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर दांडेकर आणि सुखात्मे यांचे खडाजंगीचे लेख आले. दोघेही पुण्यात, दोघेही संख्याशास्त्र जाणणारे. मुद्दा तांत्रिक वाटतो, पण त्यावर बरेच काही अवलंबून होते. रेषा खाली आली की रेशनपासून रोजगार हमीपर्यंतच्या योजनांची गरजच कमी दिसू लागते, ही टीकाकारांची भीती. आणि ती अनाठायी नव्हती. सुखात्मे यांची बाजू अशी, की निम्मा देश उपाशी म्हटल्याने खरा उपाशी गर्दीत हरवतो. शिवाय दूषित पाणी, जुलाब आणि जंत यांनी खाल्लेले अंगी लागत नसेल, तर नुसते धान्य वाढवून भागणार नाही, पाणी आणि स्वच्छता यांवर खर्च करावा लागेल. वादाच्या धुरळ्यात त्यांचे हे उत्तरार्धातले म्हणणे ऐकले गेले नाही, याचे वाईट वाटते. कारण पोषणाच्या अभ्यासात ते पुढे बहुतेकांनी मान्य केले.

सिद्धान्ताचा पूर्वार्ध मात्र तितका टिकला नाही. गोपालन यांनी विचारले, जुळवून घेणे म्हणजे काय? मूल खुरटते, खेळायचे थांबते, मजूर सावकाश काम करतो आणि त्याची मजुरी बुडते. याला शरीराची समायोजनाची शक्ती म्हणायचे की भुकेची किंमत? पार्थ दासगुप्ता आणि देवराज रे यांनी अर्थशास्त्राच्या अंगाने याच धर्तीचे आक्षेप नोंदविले. सैनिकांचे आकडे कोरडवाहू रानातल्या बाईला लावावेत काय, हाही प्रश्न उरतोच. नियोजन आयोगाने १९७९ मध्येच ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० कॅलरींची पातळी स्वीकारली होती. ती पुढे कित्येक वर्षे दारिद्र्यरेषेचा आधार राहिली. सुखात्मे यांचे म्हणणे सरकारने मानले नाही.

शिरापूर-काळमणच्या वह्या इथेही पुन्हा उघडल्या गेल्या. जेरे बेहरमन आणि अनिल देवळालीकर यांनी १९८७ मध्ये त्याच सहा गावांच्या आकड्यांवरून दाखविले, की उत्पन्न वाढले म्हणून कॅलरी फारशा वाढत नाहीत. वाढीव पैसा चवीच्या, महागड्या अन्नाकडे वळतो. हा निष्कर्षही सर्वांना पटला नाही. पण पैशांत मोजलेली दारिद्र्यरेषा आणि पोटात मोजलेली भूक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यातून पुढे आले, आणि सुखात्मे दांडेकरांना बहुधा हेच सांगत होते.

सुखात्मे यांचे १९९७ मध्ये पुण्यात निधन झाले. आदल्या वर्षी रोमच्या जागतिक अन्न परिषदेत उपाशांची संख्या २०१५ पर्यंत निम्मी करण्याचा संकल्प सोडला गेला होता. त्यानंतर सहस्रक उद्दिष्टे आली, २०१५ मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टे आली, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर मोजमापासाठी सरासरी, विषमता व किमान पातळी ही १९६१ ची चौकटच पुढे वापरली गेली. 'जागतिक भूक निर्देशांक' ज्या चार घटकांवर उभा आहे, त्यांतला एक हाच आकडा. २०२२ मध्ये या निर्देशांकात भारताला १२१ देशांत १०७ वे स्थान मिळाले, तेव्हा केंद्र सरकारने मोजण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला.

पद्धतीतल्या एका घटकाला हात लावला तर काय होते, हे २०२० मध्ये दिसले. २०१९ च्या अहवालात जगातील उपाशी ८२ कोटींच्या वर होते. पुढच्या वर्षीच्या अहवालात ते ६९ कोटींच्या आसपास दाखविले गेले. मुख्य कारण म्हणजे चीनमधल्या आहाराच्या विषमतेची नवी माहिती हाती आली होती आणि तिच्या आधारे मागील अनेक वर्षांचे आकडे फिरून काढले गेले होते. वाटणीचा आकडा बदलला, सरासरी होती तेथेच राहिली. चीनमध्ये त्या वर्षी कुणाच्या ताटात काही कमी-जास्त झाले नव्हते.